एक-शून्य

मिस्टर, तुमच्याकडे इटलीत कोचला असंच म्हणतात, हे पहिल्या दिवशी तुम्हीच सांगितलं होतंत. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी माझा राग काही उतरत नाही. मेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं, असं मम्मी म्हणते. मम्मीला तुम्ही कधी बाकावर बसवलं नव्हतंत.

तुमचं सगळं करिअर आम्हाला पाठ होतं. ऊद मेथाच्या ग्राउंडवर बूट बांधता बांधता रोज तीच कॅसेट: छोट्या क्लबांचे डिफेंडर होतात, मोठ्या स्टेडियममध्ये एकदाच पूर्ण मॅच खेळलात, एक-शून्यने जिंकलात. मग गुडघा गेला, मॅनेजर झालात, एकेका क्लबने काढलं, आणि शेवटी दुबईत येऊन आमच्या डोक्यावर बसलात. एक मॅच जिंकलात आणि उरलेलं आयुष्य तीच राखत राहिलात. वर तो गोडमिट्ट करक चहा. तो चहावाला अजून आहे, समोसे मात्र पार बिघडलेत. असो.

फायनलचा दिवस. पहिल्याच हाफमध्ये मी गोल मारलाय. पप्पा हॉटेलची शिफ्ट बदलून आलेत, कारण एका मोठ्या क्लबचा माणूस मला बघायला येणार आहे. तुम्हाला हे माहीत आहे. आणि दुसरा हाफ सुरू होतो न होतो, तोच तुम्ही मला बाहेर काढून एक डिफेंडर आत पाठवता.

"मिस्टर, तो माणूस अजून ट्रॅफिकमध्ये आहे."

"आपण पुढे आहोत," माझ्याकडे न बघता तुम्ही म्हणालात, आणि मग तुमच्या त्या मोडक्या हिंदीत, "बस, बैठ जा."

तो आला तेव्हा मी बाकावर बुटांच्या नाड्या सोडत होतो. तुमचा मुलगा कोणता, असं त्याने पप्पांना विचारलं. पप्पांनी बाकाकडे बोट केलं. नेक्स्ट टाइम, इन्शाल्ला, म्हणून तो गेला. नेक्स्ट टाइम आलाच नाही. आपण एक-शून्यने जिंकलो आणि तुम्ही सगळ्यांना मिठ्या मारत रडलात. मला ते रडणं अजून सहन होत नाही.

पुढे कॉलेज सुटलं, सिलिकॉन ओएसिसमधला जॉब सुटला, मी कुठेच टिकत नाही. त्याचंही बिल मी तुमच्याच नावावर फाडतो.

आता हे पाठवणार कुठे? फक्त एक सांगायचं राहिलं. हल्ली सुट्टीच्या दिवशी दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमध्ये लेबर कॅम्पच्या पोरांबरोबर खेळतो. फॉरवर्डच खेळतो. पण आमचा एक गोल झाला, की मी कुणी न सांगता मागे येऊन उभा राहतो. पोरं ओरडतात, यल्ला भाई, आगे जा. मी जात नाही.