न हललेले ठिपके

प्रिय ढांग्या,

तुझा पत्ता वहिनींकडून मिळवला, पण सुखासुखी नाही. दारातच उभं ठेवून त्या म्हणाल्या, "पत्ता कशाला हवा, भावोजी? तुमच्या नकाशावर दिसत नाहीत का ते?" मी मान खाली घातली. माझी मान खाली गेलेली त्यांनी कधी पाहिली नसावी, कारण मग त्यांनी पाणी दिलं आणि एका जुन्या पाकिटामागे तुझ्या ताईच्या घरचा पत्ता लिहून दिला. गोदामावर पहारेकरी झालास म्हणे. चार भिंतींत तुझ्या त्या ढांगा मावतात कशा, याचं मला खरंच कुतूहल आहे.

इकडे दुकान चालू आहे. रेडिओ आता महिन्याला एखादा येतो, बाकी सगळे मोबाईल. गुरं सध्या नव्या गुराख्याकडे आहेत. माझं यंत्रही चालू आहे. त्या गुरांच्या गळ्यातले पट्टे मी कॉलेजचं तोंड न पाहता एकट्याने बनवले, हे तुला पाठ असेल. मीच शंभरदा ऐकवलंय. एक डबी बॅटरीसकट एकशे अठ्ठेचाळीस ग्रॅमची. दर दहा मिनिटांनी ती उपग्रहांवरून आपली जागा काढते आणि शेजारच्या गाईच्या डबीला कळवते, ती तिच्या पुढचीला. असा निरोप हातोहात, तारेशिवाय, टेकड्यांवरच्या तीन खांबांवरून माझ्या छपरापर्यंत येतो आणि नकाशावर हिरवा ठिपका उमटतो. आजही पहिला ठिपका उमटला की माझा चहा गार होतो.

गेल्या महिन्यात एक पट्टा दुरुस्तीला आला. तपासायला म्हणून चालू करून टेबलावर ठेवला आणि दिवसभर विसरलो. संध्याकाळी बघतो तर माझं टेबल फेरफटका मारून आलेलं! नकाशावर ते बोळ ओलांडून सायकलवाल्याच्या पायरीपर्यंत गेलं होतं, तिथून मागच्या न्हाणीघरात. उपग्रहाचं माप पाच-आठ मीटर डुलतं हे मला माहीत होतं, तरी हसू आवरेना. मग ते हसू एकदम थांबलं. जागचं न हलणारं टेबल जर एवढं हिंडतं, तर त्या दिवशी एकेचाळीस जित्या गुरांचे ठिपके तीन तास चाळीस मिनिटं केसभरही का हलले नाहीत?

तांबडी कालवड घळीत पडून मेली, तो दिवस म्हणतोय मी. गुरांच्या मालकांच्या बैठकीत मीच पडदा लावून दाखवलं होतं, की अकरा वीसपासून तीन वाजेपर्यंत सगळी गुरं कुंपणापाशी जागच्या जागी आहेत. तू झोपला होतास असं काही मी म्हणालो नाही. "यंत्र खोटं बोलत नाही," एवढंच म्हणालो, आणि पुढचं ज्याचं त्याने समजून घेतलं. तू बोलायला उठलास, तर "आकड्यांपुढे काय बोलणार" म्हणून मीच तुला खाली बसवलं. तू बसलास, आणि दुसऱ्या दिवशी काठी माझ्या दुकानाच्या पायरीवर ठेवून निघून गेलास.

जुन्या नोंदी उघडल्या. बाविसाच्या बावीस वेळा तेच आकडे, दशांशानंतरच्या सहाव्या स्थळापर्यंत तेच. असं मोजमाप जगात नसतं. ते आकडे मोजलेले नव्हतेच, आधीचे उचलून पुन्हा लावलेले होते. कुणी लावले? मीच. पहिल्यांदा मालकांना यंत्र दाखवलं तेव्हा निरोप चुकला की ठिपका नाहीसा व्हायचा, आणि कुणीतरी "गाय ढगात गेली वाटतं" म्हणून खिदळलं होतं. ते मला झोंबलं. घरी येऊन प्रोग्रॅममध्ये एक ओळ घातली: निरोप आला नाही तर आधीचीच जागा दाखव. त्याच हिरव्या रंगात. नकाशात भोकं दिसायला नकोत म्हणून. आणि ती ओळ मी विसरून गेलो.

मग प्रश्न उरला, की तेव्हा गुरं होती कुठे? पट्ट्यांचे निरोप पकडणारा रेडिओ हातात घेऊन चार दिवस कळपामागे हिंडलो. तीन दिवस पायाला फोड आले, बाकी काही नाही. चौथ्या दिवशी वरचं तळं आटलेलं होतं. मोडक्या शिंगाची म्हातारी गाय कुणी न हाकता वळली आणि काळ्या खडकामागून खालच्या झऱ्याकडे निघाली, बाकीची तिच्या मागे. खडकाआड दोन पावलं टाकली की निरोप बंद, दोन पावलं मागे आलो की सुरू. अकरा वेळा करून पाहिलं. नवा गुराखी विचारत होता, काका, नाच शिकताय का? झऱ्याच्या पलीकडेच ती घळ आहे. काठावरच्या झाडाला दोर बांधलेला, दोन दोर जोडून केलेला, गाठ तुझी. घासून घासून साल दोन बोटं निघालेली. खाली कालवडीच्या पायांना रोवायला मिळावं म्हणून फांद्या तोडून अंथरलेल्या. मी मोजल्या, चौतीस. एकटा माणूस तिला तीन तास ओढत होता, आणि मी त्याला सगळ्यांदेखत झोपवला.

शनिवारी सकाळी दहाला मालकांची बैठक आहे. नवा गुराखी कायम करायचा का, ते तिथे ठरेल. ती ओळ मी काढून टाकली आहे. नकाशात आता भोकं दिसतात, आणि तसाच तो पडद्यावर लावणार आहे, दोराच्या आणि फांद्यांच्या फोटोंसकट. तुझं काम परत मिळेल का, हे मला माहीत नाही. तू ते घेशील का, हेही नाही. वहिनी म्हणतात, तू येणार नाहीस. ढांग्या, मी चुकलो. यंत्र चुकलं नाही, मी चुकलो, आणि तुला बोलू दिलं नाही. तू नसलास तरी हे मी तिथे उभं राहून सांगणार आहे. पण तुझ्याआधी ते दुसऱ्या कुणी ऐकावं हे मनाला पटेना, म्हणून हे पत्र.

तुझाच,
खटपट्या