मामींच्या नेलपॉलिशचा ठिपका

तीर्थस्वरूप मामांना साष्टांग नमस्कार. (टेबल बुटकं आहे, त्यामुळे वाकूनच लिहितेय, नमस्कार खराच समजा.) तुमचे गुडघे काय म्हणतात? मामींचा खोकला बसला का? मी तब्येतीने ठणठणीत आहे, पण मोठा धक्का बसलाय. पत्र उभ्याने वाचू नका.

तुम्ही निवृत्त होताना शाईच्या कारखान्यातली खुर्ची आणि रंग मोजायचं यंत्र माझ्या स्वाधीन केलंत, त्याला तीन आठवडे झाले. पहिल्याच आठवड्यात यंत्र म्हणालं, शाई ठरल्यापेक्षा बारा टक्के दाट आहे. साहेबांनी या आठवड्यात तो आकडा पाहिला आणि थेट पिंपकाकांवर घसरले. रंग ओतणारा माणूस एकच, तेव्हा चूक त्याचीच. सोमवारपासून घरी बसा म्हणाले. मामा, बावीस वर्षं तुमच्या डब्यातलं खाल्लेला माणूस, आणि माझ्या एका आकड्यापायी घरी!

मग मी माझ्याच चुका शोधायला बसले, आणि काय काय सापडलं म्हणून सांगू! शाईच्या ज्या काचेच्या कुपीतून यंत्र उजेड सोडतं, तिच्यावर माझ्या बोटांचे ठसे (सकाळी केसांना तेल लावलेलं). उजेड त्यातच अडकायचा आणि यंत्र बिचारं तेही शाईच्या नावावर मांडायचं. पुसले, तर आकडा केसभर उतरला. मग कुपीत बुडबुडा दिसला, त्याला टिचकी मारली. मग कळलं की यंत्राचा दिवा नीट तापायच्या आतच मी मोजायला घेते (धीर हा गुण आपल्या घराण्यात नाहीच). एकदा तर कुपीची खरखरीत बाजूच उजेडाकडे केली होती, पण ते मामींना सांगू नका. शाई पाण्यात शंभरपट पातळ करताना पिपेटला, म्हणजे मापाच्या काचनळीला, बाहेरून चिकटलेला थेंबही आत जात होता, तोही पकडला. एवढं सगळं निस्तरलं तरी दहा टक्के दाट ती दाटच.

शेवटी हात टेकले आणि पिंपकाकांकडे गेले. ते उपड्या पिंपावर बसले होते. माप कधी बदललं होतं का, असं विचारलं.

"तुझ्या मामानेच सांगितलं होतं, पोरी," ते म्हणाले. "बावीस वर्षं झाली. शाई फिकी येतेय म्हणाला, अर्धं माप वाढव. तेव्हापासून पाचाची साडेपाच मापं."

हे साहेबांना का नाही सांगितलं, असं विचारलं तर म्हणाले, "मित्राचं नाव कसं घेऊ?"

आणि मग डोक्यात लख्ख उजेड पडला. साध्या पाण्याची कुपी ओळखू यावी म्हणून तुम्ही तिच्यावर मामींच्या जांभळ्या नेलपॉलिशचा ठिपका दिला होतात. तो मी पहिल्याच दिवशी घाण समजून काढून टाकला. ("कुपी आरशासारखी हवी" हे तुमचंच ना?) मामा, तो ठिपका ऐन उजेडाच्या वाटेत होता हो! यंत्र पाण्याच्या कुपीशी शाई ताडून बघतं. इथे पाण्याची कुपीच उजेड खात होती, म्हणून शाई फिकी दिसायची. बावीस वर्षं! ज्या आलेखावरून मोजायचं तो ठिपका लावायच्या आधी आखलेला, त्यामुळे चूक सरळ शाईच्या माथी गेली आणि कुणाला पत्ताच लागला नाही.

आता साहेबांना सांगावं तर तुमचं नाव जातं, न सांगावं तर पिंपकाकांची नोकरी. काय करू ते उलट टपाली कळवा.

तुमची लाडकी (अजून असेन तर) भाची

ता. क. : पत्र पर्समध्येच राहिलं. तुमच्या उत्तराची वाट न बघता सोमवारी साहेबांना सगळं सांगून टाकलं, तुमच्या नावासकट. पिंपकाका कामावर आहेत. मला हवं तेवढं रागवा.

आणखी एक ता. क. : साहेबांनी लगेच पाच मापांची शाई करवली. चार दिवसांत दुकानदारांनी बाटल्या परत पाठवल्या, म्हणे यात पाणी घातलंय, आम्हाला नेहमीची गडद शाई द्या. ठरलेला आकडा कागदोपत्री छापलेला, तो बदलणार नाही म्हणतात साहेब. तेव्हा साडेपाच मापांची शाई यंत्राला पाचाचीच दिसावी म्हणून ठिपका परत लावायचा हुकूम आहे. मी सहा वेळा लावला, सहा वेळा वेगळे आकडे आले. तेव्हा मामींकडून ती बाटली घेऊन तुम्हीच या. पिंपकाका कालपासून तुमचा धरून दोघांचा डबा आणतायत.