चुलीपाशी तापलेला हात

आई, तुला पत्र लिहायची वेळ कधी आलीच नव्हती. तू हाकेच्या अंतरावर असायचीस, आश्रमशाळेच्या स्वयंपाकघरात, आणि शाळा सुटली की मी तिथल्या मागच्या पायरीवर. आत दोन्ही चुली पेटलेल्या, भाताची वाफ पत्र्यापर्यंत गेलेली, आणि तू दंडानं कपाळ पुसत पोरांच्या भाकरी थापतेयस. करपलेली भाकरी माझी. तुला बोलण्यात गुंतवून मी ती मुद्दाम करपवून घ्यायचो, आणि तुला ते कळत होतं. एकदा मी एका पोराला दगड मारला, तेव्हा तू ओरडली नाहीस. म्हणालीस, "डोकं तापलं की आधी पानी पी, मग काय फोडायचं ते फोड." पाणी प्यायल्यावर काही फोडावंसं वाटेना, आणि त्याचाच जास्त राग आला.

डोकं अजून तसंच आहे. कॉलेज दुसऱ्या वर्षाला सोडलं, सरांशी भांडून. आता घोडेगावात खोली घेऊन राहतो, कारण आपल्याकडं वर डोंगरात रेंज नाही. काम असं, की कॉम्प्युटर ज्याच्यावर चालतो त्या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये प्रोसेसर किती तापलाय हे बघणारा एक भाग असतो. त्याच्या कोडमध्ये कुणी, कुठूनही, बदल सुचवला की तो आधी मी वाचतो, चुका दाखवतो, मग तो पुढं जातो. मावशीला हे समजावलं तर म्हणाली, "म्हंजी मशिनीचा ताप बघतो. आन् त्याचा पगार देत्यात? लई भारी राव." तिनं गावभर मला डॉक्टर करून टाकलंय.

आज सकाळी असाच एक बदल आला, कुणा नवख्याचा. सेन्सरकडून आकडा आलाच नाही, तर त्याचा कोड सरळ शून्य दाखवत होता. म्हणजे आत प्रोसेसर भाजत असला तरी बाहेर शून्य अंश, आणि पंखा निवांत. मी अशा चार ओळी लिहिल्या की त्यानं पुन्हा कोडला हात लावला नसता. मग उठलो, पाणी प्यायलो, ओळी खोडल्या आणि साधंच लिहिलं, की आकडा मिळाला नाही तर मिळाला नाही असंच कळव, शून्य सांगू नकोस. ते लिहिता लिहिता तू समोर आलीस.

मी आठवीत आहे. भाताची लावणी उरकलीय. तू भाकरी देतेस आणि तुझी बोटं माझ्या हाताला लागतात, चटका बसावा इतकी गरम. आई, तुला ताप आहे का, मी विचारतो. "काय न्हाई रं. चुलीपाशी बसल्यावर हात तापनारच." मला ते पटतं. कुणालाही पटलं असतं. तू पुढची भाकरी थापायला घेतेस, पोरं ताटं वाजवतायत. दोन दिवसांनी तुला एसटीत बसवून घोडेगावच्या दवाखान्यात आणलं, तेव्हा जवळ चूल नव्हती, तरी हात तसाच होता. परतीच्या बसमध्ये तू नव्हतीस.

आता जे सांगायचं ते. एक मुलगी आहे, मढची. माझ्या वर्गात होती. कॉलेज सुटलं, ती सुटली नाही. तिचं नाव फोनवर उमटलं तरी मी अजून उभा राहतो. काल तिनं सांगितलं, रविवारी तिला बघायला पाहुणे येतायत, घरच्यांना स्थळ पसंत आहे. मग विचारलं, "तुला काय वाटतं?"

माझी कानशिलं तापलेली, आणि मी म्हणालो, "मला काय वाटायचंय?"

"कायच नाय?"

"काय नाय."

"बरं," म्हणाली, आणि फोन ठेवला.

आज शनिवार आहे. हे पत्र टाकायचं तरी कुठं, गादीखाली ठेवीन. तुझी आठवण आली म्हणून लिहायला बसलो, असं वरचं वाचून वाटलं असेल, ते अर्धंच खरं आहे. मला तिला फोन लावायची भीती वाटत होती, आई. म्हणून तुझ्याशी बोलत बसलो.