पदराच्या झडतीचे गाणे आणि माझा वारसा

मी, सुमित्रा भैय्याजी उमाटे, वय बहात्तर, निवृत्त मराठी प्राध्यापिका, राहणार वर्धा, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाविना हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. गुडघे गेले आहेत, डोके शाबूत आहे. लग्न केले नाही, अपत्य नाही. म्हणून लिहिणे भाग आहे.

१. राहते घर माझ्या भावाची मुलगी अंजू हिला. बापाची मनाई असूनही ती माझ्याकडे येत राहिली.

मनाई का, ते सांगते. लग्नाच्या वरातीत डीजेवर वाजणाऱ्या ‘दिरा’च्या गाण्यावर मी प्रबंध लिहिला. वहिनी पदर झाडून दिराची थट्टा करते, एवढेच लोकांना ठाऊक. मूळ गाणे देवळीच्या एका जिनिंगमधल्या, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यातल्या, बायांचे. सुटी झाली की फाटकावर त्यांना पदर झाडायला लावत, कापूस चोरला का ते पाहायला. तिथे कामाला असलेल्या जयवंता थूल यांनी ते रचले: “पदर झाडून दावतो शेठ, कापूस नाई, घामच हाय.” पुढे कॅसेटवाल्याने शेठचा दिरा केला, घामाचे अत्तर केले आणि वेष्टनावर ‘पारंपरिक’ छापले.

तो शेठ म्हणजे माझे वडील.

अंजूचा बाप, माझा धाकटा भाऊ योगेंद्र म्हणाला, “ताई, बाबूजीचं नाव काऊन उकरून राह्यली? दिराचंच राहू दे न.” बाबूजी तेव्हा अंथरुणावर होते. मी त्यांनाच विचारले. म्हणाले, “झडती मीच लावली होती. कापूस कधी सापडला नाई.” मी दोन्ही वाक्ये छापली. तेव्हापासून योगेंद्र माझ्या दारात आलेला नाही.

२. या गाण्याची मी केलेली सर्व ध्वनिमुद्रणे व प्रबंधाचे हक्क जयवंताबाईंना, त्यांच्या पश्चात नात काजल हिला. तिने गाणे डीजेवर वाजवावे की सभेत गावे, ही तिची मर्जी. ‘पारंपरिक’ मात्र कोणाला छापू देऊ नये. रचणारी बाई हयात आहे.

३. बंद जिनिंगच्या जागेतला माझा हिस्सा योगेंद्रला, विनाअट. तो विकेल, हे मला माहीत आहे.

४. माझ्या अंत्ययात्रेत जयवंताबाईंनी गावे, असे कलम घालणार होते. त्यांना विचारले तर म्हणाल्या, “मेल्यावर कोन आयकते, बाई? जितेपणी येजो देवळीले.” सबब हे कलम रद्द. येत्या रविवारी मी देवळीला जात आहे.

स्थळ: वर्धा
दिनांक: १२ फेब्रुवारी २०२५
सही: सुमित्रा भैय्याजी उमाटे

बाईंनी आमच्यासमोर वाचून सही केली. आम्हीही त्यांच्यासमोर केली.
साक्षीदार:
१. पुंडलिकराव झाडे, शेजारी
२. प्रेरणा ताकसांडे, माजी विद्यार्थिनी