चुन्याचे थर आणि मागची भिंत

मी, थर्झा नॅनकिव्हेल, वय चौऱ्याऐंशी, अविवाहित, राहणार ट्रेव्हेना फ्लॅट हे गाव, दक्षिण ऑस्ट्रेलिया, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. ज्याने आणून पाहिला त्याचे नाव पुढे येईल. याआधीचे मृत्युपत्र रद्द समजावे.

१. माझे राहते घर. दोन खोल्या, मागे स्वयंपाकाची पडवी, मातीच्या भिंती, वर पत्रा. पणजोबा कॉर्नवॉलहून इथल्या तांब्याच्या खाणीत आले आणि पाळी संपल्यावर माती तुडवून त्यांनी ते उभे केले. तेव्हापासून दर नाताळच्या आदल्या दिवशी घराला बाहेरून चुन्याचा एक हात देतात. एकही वर्ष चुकलेले नाही. दाराशेजारी वडिलांनी तळहाताएवढी जागा खरवडली. चुना देताना आम्ही ती सोडतो. तिच्या कडेला थर मोजता येतात. एक थर राखाडी आहे. तो १९२३चा. खाण बंद पडली, चुना पुरेना, म्हणून आजीने त्यात चुलीतली राख कालवली.

२. जुन्या वास्तूंच्या सरकारी यादीत नसलेले घर पुढच्या मालकाला पाडता येते. म्हणून गेल्या मार्चमध्ये मी वारसा-यादीसाठी अर्ज केला. तपासणीला एक गृहस्थ आले.

"बाई, इथे कोणी नावाजलेलं राहून गेलंय का?"

"नऊ जण राहत होते. एका वेळी."

"तसं नव्हे. एखादी उल्लेखनीय घटना?"

"खाण बंद झाली, तरी आम्ही गेलो नाही."

त्यांनी हे लिहून घेतले नाही. थरांकडे पाहिले नाही. मागची भिंत मात्र पाहिली. अहवालात आले: 'मूळ स्वरूप शिल्लक नाही. वारसामूल्य नाही.'

३. मागच्या भिंतीविषयी. माझा भाचा हेडली याने वीस वर्षांपूर्वी मला न विचारता तिला सिमेंटचा गिलावा केला. "आत्या, आता शंभर वर्षं बघायला नको," म्हणाला. मातीला ओल बाहेर टाकायला वाट लागते. ती बुजली. तिसऱ्या हिवाळ्यात भिंत आतल्या आत चिखल होऊन बसली. दोष त्याने मातीला दिला आणि तिथे सिमेंटच्या विटा रचल्या. अहवाल आल्यावर तोच म्हणाला, "बघ, सरकारही म्हणतंय ढेकूळ आहे. घर माझ्या नावावर कर, सही कर आत्या, इथे सुट्टीवर येणाऱ्यांसाठी चार झकास खोल्या काढतो." मी सही केली नाही.

हेडलीला मी त्याचीच थापी आणि पडवीतले दगड झालेले सिमेंटचे अर्धे पोते देते. पोते त्याने स्वतः उचलून न्यावे.

४. घर मी समोरच्या सोतिरिया मानोलास हिला देते. ती ग्रीक आहे, आमच्या चर्चमध्ये येत नाही, आणि त्याचा इथे काही संबंध नाही. अकरा वर्षांपूर्वी मी शिडीवर असताना ती रस्ता ओलांडून आली. "मावशी, शिडी धरू का?" मी म्हणाले, "धरू नको. मी उतरते, तू चढ." तेव्हापासून वरचा भाग तीच रंगवते. वकील म्हणतात अट घाला, म्हणून घालते: या घराला पुन्हा सिमेंट लागू नये, आणि मागची भिंत मातीत बांधावी. बँकेतली शिल्लक त्यासाठी.

५. पेस्टी, म्हणजे आमच्या कॉर्नवॉलच्या मांस-बटाट्याच्या करंज्या, लाटायचा पाट आणि लाटणे सोतिरियालाच. ती सारणात गाजर घालते. सलगम घालतात. अकरा वर्षे सांगून झाले. आता लेखी सांगते.

६. दफनाच्या वेळी 'साधे, गरीब जीवन' असे कोणी बोलू नये.

७. शेवटची सूचना. अहवालाची मूळ प्रत टेबलाच्या खणात आहे. माझ्यामागून येणाऱ्या पहिल्या नाताळात ती कणकेच्या खळीने दाराशेजारी भिंतीला चिकटवावी आणि सोतिरियाने त्यावरून त्या वर्षीचा हात द्यावा. पुढे कोणी तपासनीस आलाच आणि त्याने भिंत खरवडून पाहिली, तर त्याला तो कागद सापडेल: राखेच्या थराच्या वर, आणि माझ्यामागून चढलेल्या सगळ्या थरांच्या खाली.

हे मी वाचून पाहिले. खोडण्यासारखे काही आढळले नाही.

थर्झा नॅनकिव्हेल (सही)

आम्हा दोघांसमोर सही झाली. या घरात आमचा वाटा नाही:
१. डॉ. इव्हर पेनबर्थी (सही)
२. मेलवा रोच, बेकरीवाली (सही)

ट्रेव्हेना फ्लॅट, १९ नोव्हेंबर २०१९