वाढत्या अंगाच्या स्की

८ नोव्हेंबर २०१४, शनिवार
इराला घेऊन स्टुटगार्टला, स्की घ्यायला. चार वर्षं भाड्याच्या वापरल्या, आता चौदावं लागलं, स्वतःच्या हव्यात. त्याही साध्या उतारावरच्या नाहीत, पार्कसाठी. पार्क म्हणजे डोंगरावर बर्फाचे मुद्दाम रचलेले उंचवटे आणि लोखंडी कठडे. त्यांवरून ही पोरं उड्या मारतात, घसरतात. हौस तिची, धडधड आमची.

दुकानातला पांढऱ्या मिशांचा माणूस नीट समजावत होता. पार्कच्या स्की दोन्ही टोकांना वर वळलेल्या, म्हणजे उलटंही उतरता येतं. जरा मऊ, वाकणाऱ्या हव्यात. उभ्या धरल्या की नाकापर्यंत, फार तर डोळ्यांपर्यंत. मी म्हटलं, डोक्याच्या वर जाणारी जोडी द्या, पोर वाढतेय. इरा: "पापा, त्सू लांग!" लांब तर लांब. माझी शाळेची पँट कायम दोन दुमडी घालून असायची, आम्ही काय पडलो?

मग फॉर्म. बूट स्कीला धरून ठेवणारा खटका पडल्यावर किती जोराला सुटावा, ते त्यावरून ठरवतात. इरा बूट घालून बघत होती, मीच भरला. वजन ४३. लिहिलं ५०. मोसम संपेपर्यंत होईलच, पुन्हा हेलपाटा कोण घालणार. स्की कितपत येतं, त्याला तीन चौकोन. सगळ्यात वरच्यावर फुली. आपल्या पोरीला आपणच कमी का लिहायचं? सही.

घरी वैदेही जोडीकडे बघून म्हणाली, "अरे, नाकापेक्षा मोती जड." हसलो.

२९ डिसें., सोमवार
ऑल्गॉयचे डोंगर. ऊन. इरा पहिल्यांदा पार्कमध्ये. स्की जड जातायत हे दिसत होतं, पण उडी मारून उलटी उतरली! "पापा, हास्त दू गेझेएन?" पाहिलं गं, पाहिलं. शेजारच्या अनोळखी बाईंना सांगितलं, माझी मुलगी. ऊर भरून आला.

३० डिसें.
कठड्यावरून उतरताना पडली. डावी स्की बर्फात रुतली, अंग वळलं, स्की तशीच पायाला. सुटली नाही. गुडघा.

दवाखान्यात डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, खटका सुटला होता का? इरा म्हणाली, "नाइन." नाही. मी भिंतीवरचं हाडांचं चित्र बघत राहिलो.

गुडघ्यातला दोर, लिगामेंट, तुटलाय. ऑपरेशन.

६ जाने. २०१५
सुट्टी. इरा सोफ्यावर, पाय उशीवर. तिच्या मैत्रिणीने काढलेला व्हिडिओ पुन्हा पुन्हा लावते. पडते, थांबवते, मागे नेते. "इश वार शुल्ड." चूक माझीच, म्हणते, वजन मागे गेलं. वैदेही म्हणाली, "नाही गं सोन्या, कुणाचीच नाही." मी चहा टाकायला उठलो.

१५ जाने.
केलरमध्ये, खाली तळघरात, जाऊन स्की पाहिल्या. खटक्याबरोबरच्या पुस्तिकेत तक्ता आहे. खरं वजन, खरी फुली धरली तर खूण जिथे हवी, तिथून दोन घरं पुढे आहे, म्हणजे जास्त घट्ट. तीनदा पाहिलं. दुकानदाराने मी लिहिलं तेच लावलं.

ऑफिसात आम्ही एक पिन तपासतो. ठरल्या भाराला ती तुटलीच पाहिजे, नाही तुटली तर पुढचं सगळं मोडतं. भाराचा आकडा कुणी अंदाजे लिहिला तर मी कागद परत पाठवतो. वीस वर्षं पाठवतोय.

बरोबर लावला असता तरी सुटला नसता कदाचित. गुडघ्याचं सांगता येत नाही, असं डॉक्टरही म्हणाले. हे वाक्य दिवसातून चारदा मनात म्हणतो.

१९ मार्च
व्यायामाला घेऊन गेलो. डावी मांडी उजवीच्या निम्मी. बिचारी रडत नाही, दात आवळते. कुणी दार वाजवलं तरी वाटतं, कळलं. चोराच्या मनात चांदणं.

११ जून
इराने खोलीतली पार्कची चित्रं भिंतीवरून उतरवली. विचारलं, का? खांदे उडवले. "इश कान एस आइनफाख निष्ट." मला जमतच नाही, बस्स. जमतं गं बाई. तुला जमतं. हे तिला सांगायचं तर बाकीचंही सांगावं लागेल, म्हणून…

३ ऑक्टो.
डॉक्टरांनी स्कीला परवानगी दिली. इरा म्हणाली, साध्या उतारावरच्या घेईन. पार्क नको.

वैदेहीला सगळं सांगितलं. फॉर्म, ५०, फुली. तिने ओटा पुसून घेतला. मग: "मला सांगून काय उपयोग? ती वर्षभर स्वतःला खातेय. तिला सांग." दुकानात जायच्या आधी सांगणार.

१४ नोव्हें., शनिवार
गाडीत सांगणार होतो. ब्योब्लिंगेनच्या घरापासून स्टुटगार्टपर्यंत हवापाण्यावर बोललो. लाज वाटते लिहायला.

तेच दुकान, तोच माणूस. फॉर्म या वेळी मी इराच्या हातात दिला. तिने वजन लिहिण्याआधी कोपऱ्यातल्या काट्यावर उभं राहून पाहिलं. ४६. मिशीवाल्याने खोक्यातून गेल्या वर्षीचं कार्ड काढलं, शेजारी ठेवलं. म्हणाला, अरे, वर्षात चार किलो उतरलीस?

इराने कार्ड उचललं. माझा पाच ती ओळखते, शेपटीचा. वजन पाहिलं, फुली पाहिली, सही पाहिली. मग माझ्याकडे.

मी म्हणालो, "सांगणारच होतो." याहून वाईट वाक्य नसेल.

"कधीपासून माहीत होतं?" जर्मनमध्ये.

"जानेवारी."

ती बोटांवर महिने मोजत होती. ओठ हलत होते, आवाज नाही. मोजून झाल्यावर काउंटरवरची साध्या उताराची जोडी बाजूला सरकवली आणि माणसाला म्हणाली, पार्कच्या दाखवा. एकेक जोडी उभी धरून पाहिली, मधोमध दाबून वाकवून पाहिली. घेतली ती बरोबर नाकाएवढी. तीन चौकोनांतल्या मधल्यावर फुली.

परत येताना नवी जोडी आम्हा दोघांच्या मध्ये, मागच्या सीटपासून पुढच्या काचेपर्यंत. घराजवळ आल्यावर तिने तोंड उघडलं. मराठीत. शेवटचं कधी बोलली होती आठवत नाही.

"बाबा, पुढच्या वेळी तू दुकानात येऊ नकोस."

बरं म्हटलं.

२९ नोव्हें., रविवार
पंधरा दिवस झाले. जेवताना मीठ मागते, तेवढंच. पण पार्कची चित्रं पुन्हा भिंतीवर लागलीत, वैदेहीने सांगितलं.

सकाळी बाथरूममधून वजनाच्या काट्याचा आवाज आला. नंतर पॅसेजमध्ये स्कीपाशी बसून खटक्याची खूण भिंग लावून बघत होती. मी चहाचा कप घेऊन दारात उभा होतो. तिला कळलं असावं, वर पाहिलं नाही.

सत्तावीस डिसेंबरला ऑल्गॉयला जायचं ठरलंय. कोण कोण, ते ती सांगेल. माझे बर्फातले बूट मी केलरमधून वर आणून ठेवलेत.