शुक्रवारची सुटकेस

प्रिय आई,

पत्र बघून दचकू नकोस, मी बरी आहे. हे वाक्य आधी लिहिलं, कारण तू पाकीट दारातच फोडणार आणि वाचताना खुर्चीसुद्धा ओढून घेणार नाहीस. तर बस. कॉफी ओतून घे. हे मला फोनवर जमलं नसतं. फोनवर तू विचारतेस, ‘जेवलीस ना?’ मी म्हणते, ‘हो.’ तू म्हणतेस, ‘बाकी ठीक?’ मी म्हणते, ‘हो गं.’ आणि मग आपण दोघी मिळून पावसाला नावं ठेवतो. पावसाला आपण जेवढ्या शिव्या दिल्यात तेवढ्यात किती गोष्टी बोलून झाल्या असत्या.

मंगळवारी दुपारी मी कुठे असते ते तुला माहीत नाही. ग्रंथालयात नसते. इथे ल्यूव्हेनमध्ये विद्यार्थ्यांच्या आरोग्य केंद्रात एक गट भरतो, आमच्यासारख्यांचा. म्हणजे ज्यांनी कधी ना कधी स्वतःला इजा करून घेतली आहे त्यांचा. बघ, लिहिलं. आपल्या घरात त्याला ‘ते तेव्हाचं’ म्हणतात. ‘ते तेव्हाचं आता संपलं ना,’ असं बाबा एकदा माझ्यासमोर टीव्हीकडे बघत म्हणाले होते आणि तू उठून खिडकी बंद केलीस, जी आधीच बंद होती.

गटात सजगतेचा सराव करून घेतात. शांत बसायचं, श्वासाकडे बघायचं, मनात येईल ते येऊ द्यायचं. हसू नकोस. मला जेवणाच्या टेबलाशी पाय न हलवता बसता येत नाही हे तुला चांगलंच ठाऊक आहे. ग्रीत नावाची बाई हे घेते, तुझ्याच वयाची, सायकलवरून येते आणि ओली पावसाळी पँट काढता काढताच सूचना द्यायला लागते. पहिल्या दिवशी तिने प्रत्येकाच्या तळहातावर एकेक बेदाणा ठेवला आणि सांगितलं, जन्मात कधी बघितला नसेल असा बघा. बेदाणा! तुझ्या रविवारच्या पावातले बेदाणे काढून बाबांच्या ताटलीत टाकणारी मी! मी तो न चावताच गिळला. शेजारी सेप्पे बसला होता, अभियांत्रिकीचा एक लांबुडका मुलगा. तो गंभीर चेहऱ्याने म्हणाला, ‘माझा बेदाणा माझ्याकडेच बघतोय, आता मी काय करू?’ सगळे हसले, ग्रीतसुद्धा. केवळ त्या हसण्यापायी मी पुढच्या मंगळवारी गेले.

मग आडवं पडून अंगावरून लक्ष फिरवायचं होतं. पायाची बोटं, घोटे, गुडघे, इथवर सगळं ठीक. ग्रीत म्हणाली, ‘आता डाव्या हाताकडे या,’ आणि मी उठले, बूट हातात घेतले आणि सरळ बाहेर. मागे कोणी आलं नाही याचा मला राग आला. कोणी आलं असतं तर त्याचाही आला असता. पुढच्या वेळी ग्रीत एवढंच म्हणाली, ‘डोळे मिटायलाच हवेत असं कुणी सांगितलं तुला? उभी राहा, खिडकीबाहेर बघ. हाताजवळ जायचं नसेल तर जाऊ नकोस. फक्त पळत असलीस तर पळतेयस एवढं लक्षात घे.’ तेव्हापासून सगळे बसतात आणि मी खिडकीशी उभी असते. समोरच्या गच्चीवर एक कबुतर आहे, ते माझ्याहून जास्त स्थिर आहे.

आता सुटकेसबद्दल. दर शुक्रवारी इथल्या गल्लीतून चाकांचा खडखडाट सुरू होतो, आठवड्याचे मळके कपडे घेऊन सगळे आपापल्या घरी निघतात. आपल्या टील्टच्या स्टेशनवर बाबा उभेच असतात. सुटकेस गाडीत टाकताना दर वेळी तोच विनोद, ‘काय गं, विटा भरल्यास की काय?’ घरी पोचल्यावर मी टोमॅटो सूप आणि खिम्याचे गोळे खात बसते आणि तू सुटकेस घेऊन तळघरात जातेस. गेल्या वर्षी एकदा मी शाल शोधत तळघराच्या जिन्यात आले होते. तू मशीनजवळ उभी होतीस. माझा एकेक शर्ट उचलत होतीस, बाह्या उलट्या करून दिव्याखाली धरत होतीस, मनगटापासून कोपरापर्यंत. इतक्या हळू की जणू तो शर्ट झोपलाय. मी तशीच मागे फिरले आणि वर येऊन अजून एक वाडगं सूप घेतलं.

मला तुझा राग आला होता, आई. फार राग आला. आणि त्याच रात्री तुझी इतकी दया आली की मला झोप लागेना. त्यानंतर मी सगळे कपडे आणायला लागले. न घातलेलेसुद्धा, घडी मोडून, चुरगळून. म्हटलं, बघू दे तिला, हव्या तितक्या बाह्या बघू दे. विटा त्या होत्या. बाबांना सांगू नकोस, त्यांचा विनोद जाईल.

या सोमवारी संख्याशास्त्राच्या चाचणीचा निकाल लागला. मी नापास आहे, आणि काठावर वगैरे नाही, चांगलीच. खोलीवर आले, दार लावलं आणि ते आलं. आई, ते अजून येतं. तू विचारत नाहीस म्हणून ते यायचं थांबलेलं नाही. मी खोलीत फेऱ्या मारल्या, खिडकी उघडली, लावली, पुन्हा उघडली. शेवटी सेप्पेला फोन केला. तो म्हणाला, ‘खोलीत नको थांबूस. चल, कपडे धुवायला जाऊ. माझ्या आईने हात टेकलेत, म्हणते आता स्वतः शिक.’ तर आम्ही दोघं विद्वान कोपऱ्यावरच्या धुलाईच्या दुकानात, मशीनवरची चित्रं वाचत उभे. साबण कुठल्या खणात घालायचा यावर आमचं भांडण झालं.

मशीन फिरायला लागलं आणि मी त्याच्यासमोर उभी राहिले, खिडकीशी राहते तशी. त्या दिवशी पहिल्यांदा मी हाताजवळ गेले, नुसत्या लक्षाने. हात गरम होता. मूठ आवळलेली होती, अंगठा आत. मला वाटलं होतं तिथे काहीतरी भयंकर असेल, पण होता तो माझाच हात, घाबरलेला. शेवटी मशीन इतकं थरथरायला लागलं की सेप्पे म्हणाला, ‘हे आता चालत बाहेर जाणार.’ गेलं नाही, थांबलं. माझं लगेच थांबलं नाही. बरंच मागाहून कमी झालं, सगळं गेलंही नाही. पण मी स्वतःला काही केलं नाही. तिथेही नाही आणि खोलीवर परतल्यावरही नाही. काल ग्रीतला भेटून हे सगळं सांगितलं.

आता हे पत्र का, ते. सेप्पेने त्याची नवी लाल फुटबॉलची जर्सी माझ्या पांढऱ्या शर्टांबरोबर मशीनमध्ये टाकली होती. शर्ट बाहेर काढले तर सगळ्यांवर लालसर डाग, आणि नेमके बाह्यांवर जास्त. आधी आम्ही हसून हसून बाकावर पडलो. मग मला तुझं तळघर आठवलं, तो दिवा आठवला आणि माझं हसू गेलं. ते शर्ट फेकून देणार होते मी, पिशवीसुद्धा बांधली होती. पण तुला माझे कपडे पाठ आहेत, न आलेले शर्टही तू शोधले असतेस आणि न आलेल्यांवर तुला काय काय दिसलं असतं! म्हणून मी ते शुक्रवारी घेऊन येतेय, धुतलेले, डागांसकट. दिव्याखाली धरायचे तर धर, मी रागावणार नाही. पण त्याआधी मला विचार. टेबलाशी, सूप वाढताना, बाबा असले तरी चालेल. ‘योरीन, केलंस का?’ एवढंच. या शुक्रवारी उत्तर ‘नाही’ आहे. एखाद्या शुक्रवारी ते ‘हो’ असलं, तर तेही मीच सांगेन, तुला बाह्यांना विचारावं लागणार नाही.

तुझीच, खिडकीशी उभी असलेली,
योरीन